नास्तिकाने सश्रद्ध माणसाशी वाद घालावा, तो कसा?

माणदेशी (धागाकर्ता)

डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर एकाच व्यासपीठावरून गावोगाव 'विवेकजागराचा वादसंवाद' करायचे. तो ज्यांनी ऐकला असेल त्यांना माझं म्हणणं लवकर कळेल. लागूंची भूमिका रोखठोक होती: देव ही कल्पना आता निवृत्त करा, आणि श्रद्धा वेगळी, अंधश्रद्धा वेगळी असं काही नसतं. दाभोलकर म्हणायचे की देव आहे की नाही यावर अंधश्रद्धा निर्मूलन समिती भूमिका घेत नाही. शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना तिचा विरोध आहे, आणि धर्माची चिकित्सा करायची ती विधायक. दोघंही एकाच चळवळीतले, मतभेद मात्र मुळातला. समोर बसलेल्यांत देव मानणारेच जास्त असायचे. तरी लोक शेवटपर्यंत बसून ऐकत, उठून प्रश्न विचारत.

आज घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. आत्याने एकादशीला विठ्ठलाचा फोटो टाकला की कुणीतरी भाचा खाली 'दगड' असं लिहितो. मग ग्रुप चार दिवस गप्प, नाहीतर चार दिवस भांडण. याला मी वाद म्हणत नाही. आत्याने काहीही सिद्ध करायला घेतलेलं नव्हतं.

माझी बाजू आधीच सांगतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी नास्तिक आहे. देव, आत्मा, पुनर्जन्म, ग्रहांचा कोप यातलं काहीही मी मानत नाही, आणि कुणी विचारलं तर गुळमुळीत उत्तर देत नाही. पण 'नवसाने मूल होतं' हे एक विधान झालं. ते तपासता येतं, आणि त्यावर कुणाशीही वाद घालायला मी तयार आहे. 'पायरीला डोकं टेकलं की मला बरं वाटतं' हा त्या माणसाचा अनुभव आहे. तो खोडून काढायला मी कोण? आपले बरेच नास्तिक मित्र या दोन्हींवर एकाच हत्याराने तुटून पडतात.

आमच्याकडे नदीकाठी एका शेजाऱ्यांचा दहावा होता. पत्रावळीवर तीन पिंड मांडलेले. बाजूला गेलेल्या माणसाच्या आवडीची कांदाभजी, कपात चहा, तंबाखूची पुडी. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, खाली उतरेनात. गुरुजींनी सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. मग नेहमीप्रमाणे कुजबुज सुरू झाली, 'कशात जीव अडकलाय?' थोरला मुलगा पुढे झाला आणि हात जोडून मोठ्याने म्हणाला, 'आईला मी शेवटपर्यंत सांभाळीन, धाकट्याचं शिक्षण पुरं करीन.' तेवढ्यात नात्यातला एक शिकलेला तरुण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगू लागला की एवढी गर्दी असताना कावळा उतरतच नसतो, यात आत्म्याचा काही संबंध नाही. कावळ्याबद्दल तो शंभर टक्के बरोबर होता. पण तिथं दोन पोरं बाप गेल्याच्या दहाव्या दिवशी ओल्या अंगाने उभी होती, आणि थोरल्याने भरल्या गावासमोर आईची जबाबदारी घेतली होती. ते वचन कुणाच्या कानावरच पडलं नाही. सगळे त्या तरुणाकडे बघायला लागले.

त्याच दिवशी घरी त्या माउलीच्या बांगड्या फोडल्या गेल्या. बोलायला हवं होतं ते तिथे. आणि तिथे बोलता येतं, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने दाखवून दिलं. शिरोळ तालुक्यातल्या या गावाने मे २०२२ मध्ये ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. या ठरावासाठी गावातल्या एकालाही देव सोडावा लागला नाही. शेजारच्याच्या देवावर तोंडसुख घेऊन हा ठराव झाला असता का? मला वाटतं, नसता झाला.

श्रद्धा असणाऱ्या आणि नसणाऱ्या, दोघांनीही लिहावं. एकच विनंती, समोरच्याला मूर्ख धरून सुरुवात करू नका.

काटेकोर

माणदेशीभाऊ, धागा चांगला आहे, पण मी असहमत आहे. मोघम बोलत नाही, कारणं देतो.

तुम्ही विधान आणि अनुभव वेगळे काढलेत. कागदावर ते जमतं. प्रत्यक्षात बरं वाटणारा माणूसच पुढे नवस बोलतो, नवस बोलणाराच मुलीला मांत्रिकाकडे नेतो. पुराव्याशिवाय मानायची सवय एकदा लागली की ती कुठे थांबवायची? लागू हेच सांगत होते आणि मला त्यांचंच पटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे सौम्यपणा. दाभोलकरांइतका सौम्य माणूस या चळवळीत दुसरा दाखवा. समोरचा ओरडत असला तरी हे शांतपणे उत्तर देणार. त्यांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घातल्या. पुढे २०१५ मध्ये कॉम्रेड गोविंद पानसरे, त्याच वर्षी धारवाडला कन्नड विचारवंत कलबुर्गी. मग हा मान राखण्याचा हिशेब नेमका कुणी कुणाला द्यायचा?

आणि दहाव्याला बोलू नये, ठीक. मग कधी बोलावं? लग्नात नाही, बारशाला नाही, सणाला नाही, आजारपणात नाही. श्रद्धा बारा महिने लाउडस्पीकरवरून बोलते. आम्ही मात्र मुहूर्त शोधत बसायचं.

भीमातीर

राम कृष्ण हरी. मी माळकरी आहे. दरवर्षी दिंडीत असतो, आणि या धाग्यावर रागाने आलेलो नाही.

काटेकोर साहेब, डॉक्टरांना मारणाऱ्यांच्या बाजूला मला उभं करू नका. ती बातमी ऐकली त्या दिवशी आमच्या गावात हरिपाठानंतर आम्ही उभं राहून श्रद्धांजली वाहिली. त्यांचं सगळं पटत होतं म्हणून नाही. आपल्याशी बोलायला येणाऱ्या माणसाला मारणं हे कुठल्या धर्मात बसतं?

वाद आम्हाला नवा नाही. 'नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पती' हे आमच्या तुकोबांनीच म्हणून ठेवलंय, आणि ते आम्ही टाळ वाजवत म्हणतो. गाडगेबाबा कीर्तनात लोकांनाच विचारायचे, देव पाहिलाय का कुणी? बकऱ्याचा नवस फेडता, देव बकरं खातो का? सकाळी गाव झाडायचा आणि रात्री हे प्रश्न. पंढरपुरात त्यांनी धर्मशाळा बांधल्या त्या गरिबाला पाठ टेकायला जागा मिळावी म्हणून. लोक त्यांचं ऐकून घ्यायचे, कारण हा माणूस आपला आहे हे त्यांना ठाऊक होतं.

जादूटोण्याच्या कायद्याच्या वेळी आमच्या भागात उठवलं होतं की वारी बंद होणार, भजन केलं तर पोलीस धरणार. मीही घाबरलो होतो. मग समितीचा एक कार्यकर्ता आला. प्रवचन संपेपर्यंत मागे बसला, आणि नंतर मसुद्यातलं कलम वाचून दाखवलं. यात्रा, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. मग त्याने विचारलं, 'भूत उतरवतो म्हणून बाईला साखळीने बांधून मारणारा आणि तुम्ही, एकच आहात का?' सगळे म्हणाले, नाही. मग कायद्याला पाठिंबा म्हणून सही करायला आमची काय हरकत असणार? तो तासभर थांबला. चहा प्याला. माळेबद्दल एक अक्षर बोलला नाही.

एवढंच सांगायचंय की माळ घातली म्हणजे डोकं गहाण टाकलं असं समजू नका.

निळाई

सगळ्यांचं वाचलं. मला वेगळं विचारायचं आहे. मान राखायचा तो कुणाचा?

२ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आमची माणसं दारात बसली तेव्हा आतल्यांच्या भावना दुखावल्याच होत्या. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरला दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा कुठे विठ्ठलाचं दार आम्हाला उघडलं. भीमातीर दादा, तुम्ही जिथे मायेने जाता तिथल्या पायरीबाहेर चोखोबा थांबले. तुमच्यावर राग नाही माझा. पण 'श्रद्धावंताला लागेल असं बोलू नका' हा नियम तेव्हा पाळला असता तर आम्ही अजून बाहेरच असतो. कुणाला लागलं की नाही हे मोजमाप होऊ शकत नाही. अन्याय होतोय की नाही, एवढंच मी बघते.

आता दुसरी बाजू. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. धम्मदीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरला. मधली एकवीस वर्षं अभ्यासात गेली, लोकांना तयार करण्यात गेली. बावीस प्रतिज्ञा काहींना कठोर वाटतात. पण नीट वाचा, त्या 'मी' ने बोलल्या जातात. मी ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. तू मानू नकोस, असं त्यात नाही. स्वतःपुरतं ठाम, जाहीर आणि दुसऱ्याच्या घरात न शिरता बोललेलं. माझ्यासाठी हा नमुना आहे, आणि यात गुळमुळीत काही नाही.

काटेकोर

निळाई, 'मी' चा मुद्दा मनापासून आवडला. वहीत लिहून ठेवला.

सेलूकर

आमच्या वर्धा जिल्ह्यातली एक गोष्ट इथे यायलाच पाहिजे.

आंध्रातले गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. नास्तिक मतांपायी नोकरी गेली. १९४० साली त्यांनी कृष्णा जिल्ह्यात नास्तिक केंद्र काढलं, पुढे ते विजयवाड्याला आलं. अस्पृश्यता निवारणाचं काम झोकून देऊन करायचे. १९४४-४५ च्या सुमारास ते सेवाग्रामला गांधीजींकडे आले. एकीकडे रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करणारा माणूस, दुसरीकडे देवच न मानणारा.

गोरांनी देव नाही हे सिद्ध करायला सुरुवात केली नाही. गावात दलितांबरोबर आम्ही कसं जेवतो, काय अडचणी येतात, हे सांगितलं. गांधीजींनी विचारलं की या कामाला नास्तिकता कशाला हवी? मग गोरांनी आपली बाजू मांडली: हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती ही लेबलं राहतील तोवर माणसं वेगळीच राहतील, ती गळून पडली की नुसता माणूस उरतो. गोरांनीच लिहून ठेवलंय की माझी आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक असं मला म्हणता येत नाही, अशा अर्थाचं गांधीजी त्यांना म्हणाले.

पुढचं जास्त महत्त्वाचं. गोरांच्या थोरल्या मुलीचं लग्न अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या तरुणाशी ठरलं. ते सेवाग्राम आश्रमात व्हावं असं गांधीजींनी सांगितलं. आश्रमातल्या विवाहात ईश्वराच्या नावाने शपथ असे. या जोडप्यासाठी 'ईश्वर' च्या जागी 'सत्य' घ्यायला गांधीजी तयार झाले. जानेवारी १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली, पण मार्चमध्ये ते लग्न सेवाग्रामलाच लागलं, ठरल्याप्रमाणे सत्याला साक्षी ठेवून.

काटेकोरजी, इथे नास्तिकाने आपलं मत एक इंचही मागे घेतलं नाही, आणि प्रार्थना करणाऱ्यानेही प्रार्थना सोडली नाही. बदलली ती शपथ. मी सेवाग्रामला पाहुणे घेऊन जातो तेव्हा बापूकुटीसमोर हे आवर्जून सांगतो. बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

वाशिष्ठीकाठ

जन्माने मुसलमान, मतांनी निधर्मी, राहायला चिपळूण. आमच्या तालुक्यातल्या मिरजोळीचे हमीद दलवाई स्वतः देव-धर्म मानत नव्हते. पण १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी मुंबईत विधान भवनावर सात मुस्लिम बायकांचा मोर्चा नेला तो तोंडी तलाकविरुद्ध. मार्च १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं तेव्हाही सुरुवात बाईच्या हक्कापासूनच. त्यांना शिव्या खाव्या लागल्याच. तरी घरातून टाकलेल्या बायका त्यांच्याकडे येत राहिल्या. त्यातल्या बहुतेक नमाज पढणाऱ्या होत्या.

अल्पसंख्याकातल्या नास्तिकाची एक जादा अडचण असते. मी घरात मौलवींच्या म्हणण्यावर टीका केली तर तो घरातला वाद. तीच टीका मी इथे लिहिली की कुणीतरी ती उचलून आमच्या सगळ्या मोहल्ल्याला झोडपायला वापरतो. त्यामुळे मी काय बोलतोय याबरोबर कुणासमोर बोलतोय हेही मला बघावं लागतं. काटेकोर, याला भित्रेपणा म्हणू नका. माझी अम्मी पाच वेळा नमाज पढते, आणि माझ्या बहिणीला कॉलेजात घालायचं ठरलं तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर माझ्या बाजूने तीच उभी राहिली होती.

आठवडी बाजार

वाचते आहे. एक घरगुती प्रश्न विचारू का? आमचे हे नास्तिक, सासूबाई रोज देवपूजा करणाऱ्या, मी मधली. आठ वर्षांच्या मुलीने जेवताना विचारलं, 'देव खरंच आहे का?' हे म्हणाले नाही, सासूबाई म्हणाल्या आहे, आणि दोघं माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी काय सांगायचं?

माणदेशी (धागाकर्ता)

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, बाकीचे वाट बघतील. मुलीला खरं सांगा. आजीला वाटतं आहे, बाबाला वाटतं नाही, दोघं तुझ्यावर सारखंच प्रेम करतात. तुला काय वाटतं ते तू मोठी होताना ठरव, आणि ठरवलेलं बदलावंसं वाटलं तर बदल. आजीबरोबर फुलं वाहायची असतील तर वाहू दे, नको असतील तर जबरदस्ती नको. एकच गोष्ट घरात कुणीही करू नये, ती म्हणजे भीती घालणं. 'देव शिक्षा करील' हे आजीने म्हणायचं नाही, आणि 'आजी अडाणी आहे' हे बाबाने म्हणायचं नाही. तुम्हाला स्वतःला काय वाटतं तेही सांगा की. मधली म्हणून तुम्ही गप्प का बसायचं?

काटेकोर, 'कधी बोलावं' हा तुमचा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर: कुणाचा जीव, पैसा किंवा अब्रू जात असेल तर तिथल्या तिथे, मग लग्न असो की मयत. सापाने चावलेल्या पोराला कुणी मांत्रिकाकडे नेत असेल तर मी रस्त्यात आडवा उभा राहीन, कुणाच्या भावनेचा विचार करणार नाही. बांगड्या फोडतानाही तसंच. बाकीचं बोलणं व्यासपीठावर, कट्ट्यावर, इथे धाग्यावर, जिथे समोरचा ऐकायला म्हणून आलाय तिथे. आणि तिथे लागूंइतकंच रोखठोक. दाभोलकरांच्या खुनाबद्दल म्हणाल, तर सौम्यपणामुळे ते वाचले नाहीत हे खरं. पण मारेकऱ्यांना भीती कशाची होती? त्यांचं बोलणं भीमातीर माउलींसारख्यांपर्यंत पोचत होतं याचीच, असं मला वाटतं.

निळाईताई, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. हक्काचा प्रश्न असेल तिथे कुणाच्या भावना दुखावतात हे बघायचं कारण नाही. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याबाबत समितीने २००० सालापासून हेच केलं. तिथे जाऊ इच्छिणाऱ्या बायका सश्रद्ध होत्या, आणि त्यांच्या हक्कासाठी भांडणाऱ्यांत नास्तिकही होते. २०१६ मध्ये ते दार उघडलं.

भीमातीर

मला एक विचारायचंय. तुम्ही गेल्यावर तुमचा दहावा करायचा की नाही?

माणदेशी (धागाकर्ता)

नाही करायचा. देहदानाचा अर्ज भरलेला आहे, घरच्यांच्या सह्या घेतलेल्या आहेत. ही गोष्ट प्रत्येक नास्तिकाने जिवंतपणी लिहून, घरच्यांशी बोलून ठेवली पाहिजे. आपण आयुष्यभर तत्त्वं सांगायची आणि मेल्यावर निर्णय बायकोवर आणि भावकीवर टाकायचा, हे मला पटत नाही. दवाखान्यात कुणाला फोन करायचा, तोही नंबर कागदावर आहे. पण माझ्या आईला त्या दिवशी देवापाशी दिवा लावावासा वाटला तर तिला कुणी अडवू नये, हेही त्याच कागदावर लिहिलंय. दु:ख तिचं असेल.

काटेकोर

देहदानाचा अर्ज मीही भरतो.

मूळ मुद्द्यावर मी अजून लागूंच्याच बाजूला आहे. पुराव्याशिवाय मानणं हेच मूळ दुखणं आहे, आणि सश्रद्ध माणूस चांगला आहे म्हणून त्याचं मत बरोबर ठरत नाही. भीमातीर, तुमच्याशी हाच वाद मला घालायचा आहे, नवसापुरता नाही, थेट विठ्ठलापर्यंत. दहाव्याला नाही, एकादशीला नाही, ग्रुपवर नाही. तुम्ही सांगाल तिथे येतो.

भीमातीर

या की. दिवाळीनंतर शेताची कामं उरकली की मी मोकळा असतो. आमच्या गावात मारुतीच्या पारावर रोज रात्री दहा-बारा जण बसतात, त्यात दोन शिक्षक आहेत आणि एक जुने कम्युनिस्ट आहेत, ते तुमच्या बाजूने बोलतील. आधी तुम्ही बोला, आम्ही ऐकू. मग आम्ही विचारू आणि तुम्ही उत्तरं द्या. 'तुमचं विज्ञान सगळं सांगतं तर माणसाने चांगलं का वागायचं ते सांगा,' इथून मी सुरुवात करणार आहे, तयारी करून या. निळाईताई, तुम्हीही या. चोखोबांबद्दल तुम्ही लिहिलंत ते आमच्या पोरांना तुमच्या तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे. जेवण आमच्याकडे.